पाटावरचे तीन प्रश्न

वस्ताद, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा चेहरा आठवायचा तर मला आधी तुमचा अंगठा आठवावा लागतो. रुंद, चपटा, नखाच्या कडेला तिळाच्या तेलाची कायमची काळी रेघ असलेला. त्या अंगठ्यामागून मनगट येतं, मग बाही दुमडलेला सदरा, आणि शेवटी कुठेतरी तुम्ही. आज सकाळी सातपासून मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुम्हाला असाच बोलावतोय. जानेवारीचा गारठा आहे, खिडकीच्या काचेवर वाफ धरलीय. बायको ओट्यापाशी भाकरी थापता थापता दोनदा म्हणाली, "अहो, असल्या थंडीत गळा उघडा टाकून काय बसलात? वरचं बटण लावा की." मी म्हणालो, "उकडतंय मला." ती म्हणाली, "उकडतंय म्हणे! तिकडे द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवून बसलेत आणि ह्यांना उकडतंय." दोघंही हसलो. मला हसता चांगलं येतं, अर्धा धंदा मी हसूनच उभा केलाय. पण तुमच्यापाशी काय लपवू, वस्ताद, मी घाबरलोय. आज अकरा वाजता माझी मुलगी माझी मान हातात घेणार आहे, आणि मी तिला खरं सांगितलेलं नाही.

मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. मान, खांदे, पाठ, गुडघे, पण मुख्य मान आणि खांदेच. इंदिरानगरात तिचं स्वतःचं क्लिनिक आहे, तिथे कॉम्प्युटरवर बसून मान आखडलेली पोरं रांगेनं येतात. गोणी कधी उचललेली नाही आणि खांदे मात्र हमालासारखे दगड झालेले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आरं, हे तर बसून बसून मेले." ती काम करताना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तिचा अंगठा बरोबर तिथेच गेला जिथे तुमचा जायचा, मान आणि खांदा यांच्या मधोमध, जिथे गाठ लपून बसते. दाबून तिथेच थांबायची, रगडायची नाही. गाठ मऊ पडेपर्यंत वाट बघायची आणि मग एक बोट पुढे. हे तिला मी शिकवलेलं नाही. कॉलेजात शिकली. तुम्हाला कुणी शिकवलं होतं हे मी कधी विचारलंच नाही.

तिच्याकडे एक यंत्र आहे. पिस्तुलासारखं दिसतं, पुढे रबराची गोल टोपी. ती टोपी खांद्यावर टेकवून हळूहळू दाब वाढवत जाते आणि दुखायला लागलं की आपण "बस" म्हणायचं. किती दाबाला दुखायला लागतं त्याचा आकडा येतो. ती म्हणते, नुसता स्नायू आखडत नाही, तो हळवा होतो, साध्या दाबालाही ओरडायला लागतो. राखणीचं कुत्रं एकदा घाबरलं की पोस्टमनवरही भुंकतं, तसं. मग हातानं, सावकाश, रोज थोडं त्याला पटवायचं की बाबा, चोर नाही आला. माझ्या डाव्या खांद्याला तिनं टोपी लावली तेव्हा मी दात दाबून गप्प राहिलो. तिनंच यंत्र काढलं.

"पप्पा, मार्केटमध्ये आहात का? भाव कुठवर जातो ते बघताय?"

"मला नाही दुखत एवढ्यात."

"तुमचा श्वास केव्हाच थांबलाय. दुखायला लागलं की सांगायचं, सहन करायचं नाही. मला सहन करणारा पेशंट नको."

हे तुमचंच वाक्य, वस्ताद. शब्द जरा शहरी, एवढंच.

लासलगावच्या मार्केटामागची तुमची ती खोली आता पाडली. मनमाडच्या रेल्वेतून रिटायर होऊन आलात आणि जुन्या तालमीची ती एक खोली धरून बसलात. मातीची जमीन, भिंतीला टेकवलेली दोन मुद्गलं, आणि मधोमध तो सागवानी पाट. संध्याकाळी लिलाव उरकले, ट्रक भरले की हमाल एकेक करून यायचे. पाठीवर गोणी घेऊन मान एकाच बाजूला वाकवायची, दिवसभर, वर्षानुवर्षं, त्यामुळे सगळ्यांच्या माना एकाच बाजूला आखडलेल्या. तुम्ही पाटावर बसवायचात, तोंड भिंतीकडे. पितळी वाटीत तेल कोमट करायचात. मी तेव्हा सव्वीसचा होतो, नवं लग्न झालेलं, मुकादमाच्या टोळीत गोण्या वाहत होतो आणि संध्याकाळी तुमच्याकडे हात शिकत होतो. एकदा जोर दाखवायला मी एकाच्या खांद्यात कोपर घातलं, तो कळवळला. तुम्ही माझ्या कोपरावर चापट मारलीत. "कांदा हाय का तो, फोडायला? गाठीला इचारायचं असतंय, बाबा. दाब, थांब, आन् कान दे. त्याचा दम आडकला का बोट ढिलं सोड." मी म्हणालो, "वस्ताद, दम काय ऐकू येतो होय?" तुम्ही म्हणालात, "तुला येतोय. तुझं कान चोराचं हायेत." सगळे हसले. मीही हसलो, आणि त्या दिवसापासून बोटांआधी कानानं दाबायला शिकलो.

कान मला जन्मतःच मिळालेले. मार्केटात तिकडच्या ओळीत लिलाव चालू असताना मी इकडच्या ओळीतल्या व्यापाऱ्यांची कुजबुज ऐकायचो. ट्रॅक्टर फाटकातून आत यायच्या आधी आवाजावरून सांगायचो चांदवडकडचा कुणाचा. पुढे धंद्यात याच कानांनी मला वर काढलं. समोरचा "नाही" म्हणायच्या आधी त्याचा श्वास जरासा मागे सरतो, तो मला ऐकू येतो. आता माझ्या दहा गाड्या पळतात, आडगावला गोडाऊन आहे, लोक म्हणतात शून्यातून उभा राहिला. राहिलो. कशावर उभा राहिलो ते मात्र फक्त मला माहीत आहे, आणि आज तुम्हाला सांगायचंय.

पाटावर एक नियम होता, तुमचा. दुखणं पाटावर बसलेल्यानं स्वतः सांगायचं. भिंतीला टेकून बसलेल्या दुसऱ्या कुणी मधे तोंड घालायचं नाही. त्याचं कारण तुम्ही एकदा सांगितलं होतंत. टोळीत एकाची पाठ गेली असं दुसऱ्यानं नुसतं बोललं तरी तो माणूस टोळीतून उठायचा. म्हणून त्या खोलीत ज्याचं दुखणं त्याच्याच तोंडून निघायचं आणि त्या भिंतीबाहेर जायचं नाही. नियम हमालांना वाचवायला होता. नुसती मालिश असेल तर तुम्ही काही विचारायचा नाहीत, पण मान मोडायची असेल, शेवटचा तो झटका द्यायचा असेल, तर तेलाचे हात पुसून तुम्ही समोर येऊन उकिडवे बसायचात आणि तीन प्रश्न विचारायचात. हाताला मुंग्या येत्यात का? धरलेलं हातातून सुटतंय का? चालताना पाय भलतीकडं पडतोय का? तिन्हीला "नाय" आलं तरच मानेला हात. एकाला जरी "हो" आलं तरी "नाशिकला जा, डॉक्टरला दाखव, माझ्या हाताचं काम नाय" म्हणून उठवायचात. कोण किती मोठा, कुणाचा कोण, काही बघायचा नाहीत.

त्या दिवशी सकाळी मी ट्रकच्या अलीकडे गोण्या शिवत होतो आणि पलीकडे मुकादम त्याच्या मेव्हण्याशी बोलत होता. मधे अख्खा ट्रक. दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नसतं. मुकादम म्हणाला, "बिडी धरली तर बोटाला कळंना झालंय, भाजलं तवा दिसलं. चहाचा गिलास हातातून सुटतोय. काल फळीवरून वर चढताना पाय बाजूला पडला, वाचलो." मेव्हणा म्हणाला, "वस्तादाला सांग." मुकादम म्हणाला, "येडा का खुळा? हात गेल्याला मुकादम कोण ठिवील? मानंचा कडाका काढून घेतो, मोकळं व्हईल." मी दाभण हातात धरून तसाच बसलो. मला सगळं कळलं, वस्ताद. ते कळायला डॉक्टर व्हायची गरज नव्हती, तुमचे तीन प्रश्न मला पाठ होते, आणि मुकादमानं ट्रकपलीकडून तिन्हींची उत्तरं दिली होती.

संध्याकाळी तो पाटावर बसला. तुम्ही खांदे मोकळे केलेत, बराच वेळ. गाठीमागून गाठ. तुमच्या अंगठ्याखाली त्याचा श्वास मोकळा होत गेला तो मी भिंतीपासून ऐकत होतो. मग तो म्हणाला, "वस्ताद, मान बी मोडा." तुम्ही हात पुसलेत, पुढे येऊन बसलात. मुंग्या? "नाय." सुटतंय का काही? "नाय." पाय? तिसऱ्या प्रश्नाला त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. का, ते मला माहीत नाही, कदाचित सकाळी ट्रकखालून त्याला माझे पाय दिसले असतील. त्या बघण्यात विनवणी होती. आणि माझ्या छातीत दोन गोष्टी एकदम चालू होत्या. एक, नियम आहे, पाटावरच्यानंच बोलायचं. दुसरी गोष्ट मी आजपर्यंत कुणासमोर बोललो नाही. त्याच्यानंतर टोळीत मुकादम कोण होणार हे सगळ्यांना माहीत होतं. तो मी होतो. मी ठरवून गप्प बसलो असं नाही, वस्ताद. पण बोलायला तोंड उघडलं आणि ती दुसरी गोष्ट आतून पुढे आली, आणि मग नियम आठवला. नियम नंतर आठवला. हा क्रम मला पक्का ठाऊक आहे. "नाय," मुकादम म्हणाला. तुम्ही त्याच्या मागे गेलात, हनुवटीखाली एक हात, डोक्यामागे दुसरा. झटक्याआधी तुम्ही नेहमी एक छोटा श्वास घ्यायचात, नाकातून. तो श्वास मी ऐकला. नंतर कडाका.

तो म्हणाला, "झ्याक." हसला. मग उठायला गेला आणि त्याचे पाय उठलेच नाहीत. मातीवर तो बाजूला कलंडला, डोळे मात्र आमच्याकडे, त्यालाही कळेना की आपण उठत का नाही. "अरे, उचला की मला," एवढंच म्हणाला, आणि त्याच्या आवाजात लाज होती, दुखणं नव्हतं. ते पाय अजून मला दिसतात. टाचा मातीत, चवडे दोन दिशांना.

जीपमधून त्याला नाशिकला आणलं, ऑपरेशन झालं. काठीनं चालायला लागला, पण उजवा हात पुन्हा मिटला नाही. आठ दिवसांत मी मुकादम झालो. तुम्ही त्या दिवसानंतर कुणाच्या अंगाला हात लावला नाहीत. मी यायचो तेव्हा तुम्ही त्याच पाटावर बसलेले असायचात, दोन्ही हात मांडीत, तळवे वर, दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला दिल्यासारखे. हमाल दारातून डोकवायचे, "वस्ताद, खांदा लय भरलाय," आणि तुम्ही नुसतं डोकं हलवायचात. एकदा, दिवाळीच्या आसपास, खोलीत आपण दोघंच होतो. तुम्ही हातांकडे बघत म्हणालात, "मी इचारलं व्हतं ना रे? तिन्ही इचारलं व्हतं?" मी म्हणालो, "हो, वस्ताद." तुम्ही म्हणालात, "मग माझ्या हातानंच चुकलं. दाब जास्ती झाला." आणि थोड्या वेळानं, "तो तुझ्यापाशी काय बोलला व्हता का? आधी?"

"नाही, वस्ताद."

तुम्ही मान हलवलीत. उठून फळीवरची पितळी वाटी काढलीत, सदऱ्याच्या टोकानं पुसलीत आणि माझ्या हातात दिलीत. "माझ्या हाताला आता तेल लागायचं नाय. तुझा हात चांगला हाय. तू ने." मी घेतली. ती वाटी हातात घेऊन मी मार्केट ओलांडून घरी गेलो आणि त्यानंतर कुणाचा खांदा दाबला नाही. लोकांना सांगितलं, वेळ नाही. चार वर्षांनी तुम्ही गेलात तेव्हा मी खांदा द्यायला पुढे होतो. सगळे म्हणाले, वस्तादाचा खरा चेला. मुलीनं क्लिनिक उघडलं त्या दिवशी ती वाटी मी तिला दिली. कुणाची विचारलं तर म्हणालो, माझ्या गुरूची. ती त्यात पिना ठेवते.

आता माझं ऐका. दोन महिन्यांपासून उजव्या हाताची शेवटची दोन बोटं माझी राहिली नाहीत. चहाचा कप मी डाव्या हातानं धरतो. गाडीची किल्ली हातातून पडते आणि पडल्याचं मला आवाजानं कळतं. गोडाऊनचा जिना उतरताना पाय पायरीवर पडला की नाही ते खाली बघून ठरवावं लागतं. एवढं लिहिताना पेन दोनदा सुटलंय, ह्या ओळी कशा वाकड्या गेल्यात त्या तुम्हीच बघा. मान दुखायला लागली म्हणून मुलीकडे गेलो, तर तिनं फॉर्म पुढे ठेवला. लांबलचक यादी, पण मधे तुमचे तीन बसलेलेच. मुंग्या, पकड, तोल. "नाही, नाही, नाही," मी म्हणालो, एका दमात. तिनं पकड बघायला दोन बोटं पुढे केली तर मी आधी डावा हात दिला, मग गप्पांत घातलं. गुडघ्यावर मारायची छोटी हातोडी काढली तर मी फोन आल्याचं नाटक करून बाहेर गेलो. ती हसली, "पप्पांचा मोबाइल म्हणजे..." आणि विसरली. बापावर कोण संशय घेतं? का लपवलं ते मलाही नीट सांगता येत नाही. तिला सांगितलं तर ते खरं होईल, एवढंच डोक्यात होतं. रात्री पडलो की ते चवडे दिसतात, दोन दिशांना, आणि पांघरुणात मी माझी पावलं हलवून बघतो.

दोनदा तिनं खांदे हातानं मोकळे केले. बरं वाटलं, खरंच बरं वाटलं, डाव्या खांद्याचा आकडाही सुधारला. ती खूश झाली. सोमवारी म्हणाली, "पप्पा, गुरुवारी मानेचे मणकेही जरा मोकळे करते. एक छोटासा झटका, कट्टकन वाजेल, घाबरायचं नाही." मी म्हणालो, "मी कशाला घाबरतोय." आज गुरुवार आहे. आणि सकाळपासून मला एकच दिसतंय, वस्ताद. माझे पाय नाही. तिचे हात. मांडीत ठेवलेले, तळवे वर. बत्तीस वर्षांची पोर, आणि पुढचं सगळं आयुष्य ती स्वतःला विचारत बसलेली, मी विचारलं होतं ना, तिन्ही विचारलं होतं ना. आणि सांगायला कुणी नाही. कारण खरं ज्याला माहीत, तो याही वेळी मीच.

मला नाही जायचं. पोट दुखतंय म्हणून सांगावं असं दोनदा मनात आलं. साडेदहा झाले, बायको म्हणतेय, निघा.

* * *

आता दुपार आहे. स्कॅनिंग सेंटरच्या बाकावर बसलोय. गळ्याभोवती पट्टा आहे, मान खाली करता येत नाही, म्हणून पॅड डोळ्यांसमोर धरून डाव्या हातानं लिहितोय. अक्षर लहान मुलासारखं येतंय.

गाडीतूनच तिला फोन करून सांगायचं ठरवलं होतं, नाही सांगितलं. दारात सांगायचं ठरवलं, तिथे एक पेशंट बसली होती. टेबलावर उताणा पडलो. ती डोक्याशी स्टुलावर बसली, आधी खांदे केले, गप्पा मारत, "आईनं आज काय डबा दिलाय?" मी म्हणालो, "मेथी." माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. मग तिनं माझं डोकं दोन्ही तळहातांत घेतलं. हात गरम होते. "पप्पा, मान सोडा. अगदी सैल." मी सोडू शकत नव्हतो. "सोडा ना. माझ्यावर विश्वास नाही का?" आणि मग, वस्ताद, तिनं नाकातून एक छोटा श्वास घेतला. तोच.

"थांब," मी म्हणालो. एवढ्या मोठ्यानं की बाहेरच्या पेशंटनं दार ढकललं.

"दुखलं का?"

"दोन बोटं बधिर आहेत. दोन महिने झाले. किल्ली पडते. जिन्यावर पाय कळत नाही."

मला वाटलं होतं ती हात झटकन काढेल. तिनं नाही काढले. माझं डोकं तसंच धरून, एक सूत न हलवता, तिनं ते उशीवर टेकवलं आणि मग एकेक बोट काढून घेतलं. बाहेरच्या बाईला म्हणाली, "पाच मिनिटं थांबा हं," अगदी साध्या आवाजात. दार लावलं. आणि स्टुलावर बसली तेव्हा तिचे हात मांडीत पडले. तळवे वर.

"पप्पा, मी आत्ता... अजून एक सेकंद गेला असता तर..."

"नाही गेला."

"मी विचारलं होतं तुम्हाला. फॉर्मवर एकेक करून विचारलं होतं."

"विचारलं होतंस. मी खोटं बोललो. ऐक, मी खोटं बोललो. तुझ्या हाताचं काही चुकलेलं नाही." हे वाक्य तिला सांगताना मला कळलं की मी ते फक्त तिला सांगत नव्हतो. ती रडली नाही. मला वाटतं, रागावली होती, ओठ पांढरे झाले होते. उठली, हातोडी काढली, "आता फोन आला तरी उचलायचा नाही," म्हणाली आणि गुडघ्याखाली टकटक केलं. पाय असा उडाला की जणू तो दुसऱ्याचाच होता. ती ते बघत राहिली. दुसरा पाय. मग गळ्याला पट्टा बांधला, एका सर्जनला फोन केला, इंग्रजीत भरभर बोलली. मला त्यातले थोडेच शब्द कळले, पण आवाज कळला. आवाज घाबरलेला होता. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "चला, फोटो आजच काढायचा. ऑपरेशन लागेल कदाचित. वेळेत आलोय असं धरू." 'असं धरू' वर तिचा श्वास मागे सरला. ते मला ऐकू यायला नको होतं.

निघताना मी तिच्या टेबलावरून ती वाटी मागितली. पिना ओतून तिनं दिली, कशाला ते विचारलं नाही. आता ती माझ्या खिशात आहे. मशीनमध्ये धातू न्यायचा नाही म्हणतात, म्हणून घड्याळ, पाकीट आणि वाटी तिच्याकडे देईन. पुढच्या माणसाचं झालं की माझा नंबर. आत मशीन ठक ठक वाजतंय, तो आवाज भिंतीतून येतोय, आणि मला तुमच्या खोलीची भिंत आठवतेय, जिला टेकून मी गप्प बसलो होतो. मुकादम त्या दिवशी बोलला नाही, ते त्याचं. मी बोललो नाही, ते माझं. तुमचं त्यात काही नव्हतं, वस्ताद. तुमचा दाब बरोबर होता. तुमच्या हातांना हे तुम्ही असताना सांगायला हवं होतं, त्या दिवाळीत, वाटी घ्यायच्या आधी.

हा कागद कुठे पाठवायचा ते मला माहीत नाही, पाठवायचाही नाहीये. मुलीला सगळं सांगायचंय, पण आज नाही, आज तिला एवढंच पुरे आहे. ती आत्ता फॉर्म भरून परत आली. आत जायला अंगावर त्यांचा झगा घालायचा आहे, म्हणून शर्ट काढायचाय. ती समोर वाकून बटणं काढायला लागली आणि वरच्याशी येऊन थांबली, कारण ते लावलेलंच नव्हतं.

"एवढ्या थंडीत, पप्पा?"

मी म्हणालो, "उकडतंय." सवयीनं निघून गेलं तोंडातून. तिनं माझ्या बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि मी मान हलवली, पट्ट्यात हलेल तेवढी. ते बटण मला लावता येत नाही, वस्ताद. दोन महिने झाले.